साथ की आधार? : बिली हॉलिडे आणि टेडी विल्सन यांच्या ध्वनिमुद्रिका

२ जुलै १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे ब्रन्स्विक कंपनीसाठी चार गीतांचे ध्वनिमुद्रण झाले. वाद्यवृंदाचा प्रमुख पियानोवादक टेडी विल्सन त्या वेळी बावीस वर्षांचा होता आणि गायिका बिली हॉलिडे वीस वर्षांची. तबकड्या बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या लेबलावर नाव होते ते विल्सन व त्याच्या वाद्यवृंदाचे; गायिकेचा उल्लेख त्याखाली, ध्रुवपद गाणारी म्हणून, आणि तोही लहान अक्षरांत. पुढे या नावांचा क्रम पूर्णपणे उलटला. कोलंबिया कंपनीने २००१ मध्ये दहा तबकड्यांच्या संचात हीच ध्वनिमुद्रणे एकत्र केली ती हॉलिडेच्या नावाने, आणि विल्सन तेथे वादकांच्या यादीतील एक नाव होऊन राहिला. क्रम बदलला, परंतु त्यामागील गृहीत मात्र बदलले नाही. दोघांपैकी एक मुख्य आणि दुसरा अनुषंगिक असलाच पाहिजे, हे ते गृहीत होय. या ध्वनिमुद्रिका ध्यानपूर्वक ऐकल्या असता ते टिकत नाही, इतकेच नव्हे तर हॉलिडेच्या गायनाचा जो विशेष सर्वमान्य झालेला आहे त्याचे स्पष्टीकरणही या गृहीतामुळे चुकते.

या संबंधाला मराठीत सहज योजला जाणारा शब्द 'साथ' हा होय. त्याचे मूळ संस्कृत 'सार्थ' या शब्दात आहे. सार्थ म्हणजे एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा तांडा. त्यात पुढे कोण आणि मागे कोण याची सूचना मुळीच नव्हती. तथापि संगीतव्यवहारात या शब्दाला अनुगमनाचा अर्थ चिकटलेला आहे. ख्यालगायनात पेटीवाला गायकाच्या पाठोपाठ जातो. गायकाने घेतलेली जागा छायेप्रमाणे उचलतो आणि गायक श्वास घेण्यासाठी थांबला की ती पोकळी भरून काढतो. ही साथ उत्तम असू शकते, पण ती नंतरची असते. आपल्याकडेच साथीचा आणखी एक प्रकार आहे, त्याचा विचार येथे अधिक उपयोगी पडेल. स्वतंत्र तबलावादनात पेटी किंवा सारंगी लेहरा धरते. लेहरा तबलजीच्या मागे जात नाही. तो आवर्तन जसेच्या तसे पुन्हापुन्हा मांडीत राहतो, आणि त्याच्या अढळपणामुळेच तबलजीने घेतलेली प्रत्येक फारकत श्रोत्याला मोजता येते. लेहरा डळमळला तर मोठ्यात मोठी तिहाईदेखील निरर्थक होते. विल्सनचे वादन पेटीच्या साथीपेक्षा लेहऱ्याला अधिक जवळचे आहे. हे साम्य अर्थातच अपुरे आहे. लेहरा एकच सुरावट फिरवतो. विल्सन मात्र कालाचा आधार अढळ ठेवून त्यावरील नक्षी दर वेळी बदलतो.

ही ध्वनिमुद्रणे ज्या परिस्थितीत झाली तिची माहिती असणे अवश्य आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. गीते बहुधा नाटका-चित्रपटांतील चालू हंगामाची असत, आणि त्यांतील ज्यांना यशाची खात्री होती ती नामवंत गोऱ्या गायकांकडे आधी जात. उरलेल्यांतून या वाद्यवृंदाला निवड करावी लागे. तबकड्यांचा मोठा ग्राहक म्हणजे नाणे टाकून गाणे ऐकवणारी यंत्रे, आणि त्यातही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील. वाद्यवृंदासाठी विस्तृत लेखी रचना करण्याइतका पैसा किंवा वेळ कंपनी देत नसे. वादकांना आणि गायिकेला ठरीव मोबदला मिळे, विक्रीतील हिस्सा नव्हे. ही योजना ज्याच्या आग्रहाने उभी राहिली त्या जॉन हॅमंडने १९३३ मध्ये हार्लेममध्ये हॉलिडेला ऐकले होते, आणि विल्सनलाही न्यूयॉर्कला आणण्यात त्याचाच हात होता.

या घाईच्या व्यवहारात एक गोष्ट मात्र सावकाश होत असे. विल्सनने उत्तरायुष्यात सांगितल्याप्रमाणे, ध्वनिमुद्रणापूर्वी तो आणि हॉलिडे नव्या गीतांच्या छापील प्रतींचा गठ्ठा घेऊन बसत. तो त्या वाजवून दाखवी आणि तिच्या मनास येतील ती गीते निवडली जात. ही हकिकत चरित्रात्मक तपशील म्हणून उल्लेखिली जाते व सोडून दिली जाते. वास्तविक समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार आहे. हॉलिडेला स्वरलेखन वाचता येत नव्हते. गीत तिच्यापर्यंत प्रथम पोहोचे ते विल्सनच्या हातून, म्हणजेच त्याच्या वाचनातून. तिने चाल बदलली असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा ती ज्या चालीपासून दूर गेली ती चाल, तिच्या मुळाशी असलेल्या स्वरसंघातांसह, तिला पियानोवर ऐकवली गेली होती. तिचे स्वातंत्र्य अज्ञानातून आलेले नाही.

विल्सनच्या वादनात दोन हातांची कामे स्पष्ट वाटून दिलेली असतात. त्याच्या आधीच्या पिढीतील पियानोवादक डावा हात खालच्या स्वराकडून वरच्या स्वरसंघाताकडे आणि परत असा उड्या मारीत नेत. त्यामुळे प्रत्येक ठोका धक्क्यासारखा जाणवे. विल्सनने त्याऐवजी मंद्रातील मूलस्वर आणि त्यापासून दहावा स्वर, म्हणजे आपल्या भाषेत मंद्र षड्ज आणि मध्य सप्तकातील गंधार, अशी जोडी एकदम धरून ती पायरीपायरीने चालवली. उडी जाऊन चाल आली. ठोका तितकाच नेमका राहिला. त्यातील धक्का तेवढा नाहीसा झाला. उजवा हात एकएकट्या स्वरांच्या स्वच्छ ओळी काढतो. अर्ल हाइन्सचा प्रभाव त्यावर उघड आहे, परंतु हाइन्सची खोडकर अस्थिरता विल्सनने घेतली नाही. वाद्यवृंदात ढोल, बास आणि गिटारही होते, तेव्हा आधाराचे सर्व श्रेय पियानोला कसे द्यावे, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. कोझी कोल किंवा जो जोन्स यांच्यासारखे तालवादक दुय्यम नव्हेत. पण ते काल धरतात. काल आणि स्वरसंवाद दोन्ही एकाच वेळी धरून गायिकेच्या दोन ओळींमधील जागेत बोलणारे वाद्य पियानो हेच आहे.

आता हॉलिडेकडे वळावे. तिच्या आवाजाचा पल्ला सप्तकाहून थोडाच अधिक होता आणि आवाज मोठा नव्हता. आपले गुरू म्हणून ती लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ यांची नावे घेई. तिच्या गायनाविषयी दोन निरीक्षणे नेहमी केली जातात : ती ठोक्याच्या मागे राहते, आणि ती चालीतील चढउतार कमी करून थोड्याच स्वरांभोवती ओळ फिरवते. दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. परंतु ती वेगवेगळी मांडली की लकबींसारखी दिसतात. भाषेच्या बाजूने पाहिल्यास त्यांचे कारण एकच असल्याचे आढळते.

इंग्रजी ही आघातप्रधान भाषा आहे. केनेथ पाइक याने १९४५ मध्ये तिच्या लयीचे वर्णन करताना असे दाखवले की, तिच्यात आघातयुक्त अक्षरे साधारण समान अंतराने येतात आणि मधली निराघात अक्षरे, ती एक असोत की तीन, त्या अंतरात दाटीवाटीने बसवली जातात. पुढील प्रयोगांत हे अंतर यंत्रावर समान भरले नाही आणि पाइकच्या सिद्धांताला मर्यादा पडल्या; तथापि निराघात अक्षरे आकुंचन पावतात हा त्यातील गाभा अबाधित आहे. मराठी भाषकाला ही गोष्ट मुद्दाम समजून घ्यावी लागते, कारण मराठीत आघाताला अर्थभेदक स्थान नाही आणि आपल्या वृत्तांचे गणितही लघुगुरूंवर, मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर चालते. इंग्रजी गीताची चाल बांधणारा रचनाकार पुष्कळदा अव्ययाला आणि उपपदालाही नामाइतकाच स्वर देऊन टाकतो. त्यामुळे छापील चालीबरहुकूम गायलेली ओळ कानाला गोड लागते, पण कोणी बोलत आहे असे वाटत नाही. हॉलिडे जे करते ते या ठिकाणी. ती निराघात शब्द एकत्र दाबून उरकते, त्यांतून वाचलेला काळ आघातयुक्त अक्षराच्या आधी थांबण्यात किंवा त्यावर रेंगाळण्यात खर्च करते आणि ओळीच्या शेवटी बोलण्यातल्याप्रमाणे स्वर खाली सोडते. चढउतार कमी होतात तेही याचमुळे. बोलणारा माणूस विधान करताना सप्तकभर उड्या मारीत नाही. मागे राहणे आणि स्वर आटोपणे ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत : गीताच्या ओळीचे पुन्हा वाक्य करणे.

परंतु बोलण्याची लय गाण्यात आणली म्हणजे गाणे राहत नाही, हा धोका येथे उभा राहतो. ज्या गायिकांनी केवळ बोलण्याकडे झुकून चाल सैल केली त्यांची गाणी नाट्यमय पठणाकडे गेली. हॉलिडेच्या बाबतीत तसे होत नाही, कारण छंद टाकून दिलेला नसतो. तो दुसऱ्याच्या हाती सोपवलेला असतो. विल्सनचा डावा हात छंद सांभाळतो आणि हॉलिडे वाक्य सांभाळते. श्रोता एकाच वेळी दोन्ही ऐकतो, आणि त्या दोहोंमध्ये पडणारे अंतर हाच त्याच्या आनंदाचा विषय असतो.

३० जून १९३६ रोजी मुद्रित झालेले 'दीज फूलिश थिंग्ज' हे गीत या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्याची वाक्यरचना चमत्कारिक आहे. गेलेल्या प्रेमाची आठवण करून देणाऱ्या क्षुल्लक वस्तूंची ती यादी आहे. ओळीमागून ओळ नामसमूहच येतात आणि क्रियापदासाठी श्रोत्याला प्रत्येक कडव्याच्या अखेरीस येणाऱ्या शीर्षकाच्या ओळीपर्यंत थांबावे लागते. म्हणजे व्याकरणदृष्ट्या वाक्य लोंबकळत राहते व तेथे एकदाचे पूर्ण होते. चालीचे स्वरसंघातही तसेच बांधलेले आहेत; मूलस्वराकडे निश्चित परत येणे तेथेच घडते. सामान्य गायक प्रत्येक वस्तूचे चित्र रंगवण्याच्या मोहात पडतो आणि यादी हे वेगवेगळ्या सुंदर चित्रांचे प्रदर्शन होते. हॉलिडे वस्तूंवर फारसा भर देत नाही. ती नामसमूह जवळजवळ सपाट स्वरात ठेवून देते, किंचित उशिराने, जणू एकेक आठवण शोधावी लागत आहे. ही शोधाशोध श्रोत्याला रेंगाळणे न वाटता शोधाशोधच वाटते याचे कारण पियानो आहे. विल्सन ओळींमधल्या जागेत आपले छोटे स्वरसमूह ठेवतो, पण हॉलिडेने सोडलेली सुरावट तो कधी उचलून पुन्हा म्हणत नाही. पेटीवाल्याने नेमके तेच केले असते. विल्सनचे स्वरसमूह पुढच्या स्वरसंघाताकडे निर्देश करतात. वाक्य कोणीकडे चालले आहे हे तो सांगत असतो, आणि ती घाई न करता तेथे पोहोचते.

याच्या अगदी उलट वेगाचे उदाहरण १९३५ च्या त्या पहिल्या दिवसाचेच आहे. 'व्हॉट अ लिट्ल मूनलाइट कॅन डू' हे हॅरी वुड्सचे गीत फार द्रुत लयीत घेतलेले आहे. बेनी गुडमनची क्लॅरिनेट आवर्तन वाजवून जाते आणि गायिका प्रवेश करते. गीताचा विषय मोठा मौजेचा आहे : चांदण्यात प्रेमिकाची वाचा अडखळते, हवे ते शब्द ओठावर येत नाहीत. मुखड्याच्या आरंभी शब्द नाहीतच, केवळ उद्गारवाचक दीर्घ स्वर आहेत. वाद्यवृंद धावत असताना हॉलिडे ते स्वर अशा निवांतपणे ओढते की तिची लय खालच्या लयीच्या निम्मी भासावी. घाई वादकांची, ती मात्र चांदण्यात उभी आहे. या गीतात वाचा अडखळल्याचा अभिनय करण्याची सोय होती. ती तिने घेतली नाही. अडखळण्याची जागा तिने संथपणाला दिली, आणि तो संथपणा जाणवावा म्हणून खालचा वेग एका क्षणासाठीही ढळून चालणार नव्हते. आमच्या तालविचारात याला दुप्पट-निमपटीचे साधे नाते म्हटले जाईल. परंतु येथे ते गणित नेमके जुळत नाही, आणि जुळू नये असाच हेतू आहे.

या न जुळण्याचा शोध हाओ हुआंग आणि रॅशेल हुआंग यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध केलेल्या लेखात घेतला. हॉलिडे ठोक्यामागे वाटेल तशी घसरत नाही. तिची स्वतःची एक लय असते व ती वाद्यवृंदाच्या लयीशेजारी स्वतंत्रपणे चालते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. केवळ 'ती मागे राहते' या ढोबळ विधानापेक्षा हा निष्कर्ष पुष्कळच पुढचा आहे. परंतु तिची ही दुसरी लय कोठून येते याचे उत्तर संगीतात शोधून पुरेसे मिळत नाही. ती त्या त्या ओळीच्या बलाघातांवरून येते. म्हणूनच एकाच चालीची दोन कडवी ती सारख्या कालविभागणीने गात नाही. शब्द बदलले की मागे राहण्याच्या जागा बदलतात. शब्दांकडे दुर्लक्ष करून काढलेला तिच्या लयीचा आलेख खरा असला तरी अर्धा आहे.

रूढ समीक्षेत या दोन कलावंतांची जी चित्रे तयार झाली त्यांचा येथे विचार करणे प्राप्त आहे. हॉलिडे म्हणजे वेदना, उपजत प्रेरणा, दुर्दैवी आयुष्य. विल्सन म्हणजे टापटीप, सभ्यता, शिक्षण. तिच्या नावावरील १९५६ च्या आत्मचरित्राने आणि त्यावरून १९७२ मध्ये निघालेल्या चित्रपटाने पहिल्या चित्राला बळ दिले. दुसऱ्या चित्रालाही आधार आहेच. विल्सनचे आईवडील टस्कीगी येथील सुविख्यात संस्थेत शिक्षक होते, आणि तो स्वतः १९४५ ते १९५२ या काळात जूलियर्ड येथे शिकवीत असे. १९३६ पासून गुडमनच्या त्रयीत गोऱ्या वादकांसोबत उघडपणे रंगमंचावर बसणारा कृष्णवर्णीय वादक म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई, आणि त्या जागी बसणाऱ्याला निर्दोष असण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण 'सभ्य' हे विशेषण त्याच्या वादनाला लावून समीक्षकांनी जणू त्याला दालनाबाहेर काढले. ज्याच्या वादनात दोष सापडत नाही त्याच्या वादनात काही सांगण्यासारखे नसते, असा हा विचित्र न्याय आहे. आणि हॉलिडेला 'उपजत' म्हणणे हा त्याच न्यायाचा दुसरा भाग होय. वाक्याचा गाभा ओळखून निराघात शब्द बाजूला सारण्याची तिची दृष्टी ही बौद्धिक कृती आहे. दुःख भोगल्याने उपपद कोठे दाबावे हे कळत नाही.

जानेवारी १९३७ मध्ये लेस्टर यंग या वाद्यवृंदात आला. हॉलिडेच्या आवाजाशी त्याच्या सॅक्सोफोनचे जुळलेले नाते हा पुढील समीक्षेचा आवडता विषय झाला, आणि त्यात अन्याय काही नाही. 'धिस इयर्स किसेस' किंवा त्याच वर्षीच्या मे महिन्यातील 'मीन टू मी' ऐकणाऱ्याला ते पटल्यावाचून राहणार नाही. तथापि यंग आणि हॉलिडे यांचे साम्य हे दोन फारकत घेणाऱ्यांचे साम्य आहे. दोघेही ओळ ठोक्यावरून उचलून बाजूला ठेवतात. दोघेही बाजूला जाऊ शकतात, कारण मध्ये विल्सन बसलेला आहे.

हे म्हणणे ताडून पाहावयाचे असेल तर विल्सनचा आधार नसलेली मुद्रणे ऐकावीत. फेब्रुवारी १९५८ मध्ये रे एलिसच्या तंतुवाद्यसमूहासह झालेल्या 'लेडी इन सॅटिन' या मुद्रणाविषयी टोकाची मते आहेत. आवाज खचला होता याविषयी दुमत नाही. पण त्याहून अधिक हानी सभोवतालच्या संगीताने केलेली आहे. तंतुवाद्यांचे मऊ पडदे ठोक्याची कड झाकून टाकतात. मग गायिका मागे राहिली म्हणजे कशाच्या मागे, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि जे पूर्वी बोलणे होते ते आता थकवा वाटू लागते. तिच्या अखेरच्या दोन वर्षांतील पियानोवादक मॅल वॉल्ड्रन याच्या लहान वृंदातील साथीत मात्र अशी हानी होत नाही. त्याचे विरळ, हट्टी स्वरसंघात विल्सनच्या प्रवाही वादनापासून फार भिन्न असले तरी ते जागचे हलत नाहीत. आधाराची शैली दुय्यम आहे. त्याचे अढळ असणे महत्त्वाचे, हे यावरून दिसते.

हॉलिडे आणि विल्सन यांचे नियमित सहकार्य १९३९ मध्ये विल्सनने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारण्याच्या सुमारास संपले. पण ७ ऑगस्ट १९४१ रोजी ते पुन्हा एकत्र आले आणि त्या दिवशीच्या चार गीतांत 'ग्लूमी संडे' हे होते. मूळ हंगेरियन असलेले हे मरणेच्छेचे गीत इंग्रजीत आणताना त्याला एक शेवटचा भाग जोडला गेला : गाणारी व्यक्ती जागी होते आणि हे सर्व स्वप्न होते असे सांगते. या जोडाला कृत्रिम म्हणून नावे ठेवली जातात, आणि कागदावर तो तसा आहेच. चाल तेथे कोमल गंधाराचे वळण सोडून शुद्ध गंधारावर येते, म्हणजे श्रोत्याने सुटकेचा श्वास घ्यावा अशी रचनाकाराची अपेक्षा. हॉलिडे तो श्वास घेऊ देत नाही. भूतकाळवाचक क्रियापदावर ती पूर्वीइतकीच उशिरा येते, आवाजाचा पोत बदलत नाही, आणि स्वप्न होते हे विधान तिच्या तोंडी माहितीपुरते राहते. खालचे स्वरसंघात मात्र उजळलेले असतात. विल्सनने तिच्या उदासीकडे झुकून ते मंद केले असते, तर विसंवाद ऐकू आला नसता आणि शेवट केवळ दुःखी झाला असता. तो झुकत नाही. रचनाकाराने दिलेला उजेड तो तसाच ठेवतो, आणि गायिका त्या उजेडावर विश्वास नसल्यासारखी गात राहते. ओके कंपनीच्या या तबकडीवर गायिकेचे नाव वर आहे आणि टेडी विल्सन व त्याचा वाद्यवृंद यांचे त्याखाली.